जुन्या मोटारीस नवें बळ : आधीं थांबणें, मग धांवणें

गेल्या वर्षीं पदार्थविज्ञानाच्या तासाला शक्ति व वेग हा विषय चालला असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, शंभर वर्षांपूर्वींच्या मोटारीचें एंजिन दुप्पट जोराचें केलें, तर ती आजच्या मोटारीसारखी धांवेल काय?" मीं तो प्रश्न वर्गाकडेच सोंपविला. बहुतेकांनीं हात वर करून "धांवेल" असें उत्तर दिलें. कोणी कार्ब्युरेटराची गोष्ट काढली, कोणी पेट्रोलाची. परंतु "धांवेल खरी, पण ती थांबेल काय?" असें त्या चाळीस मुलांपैकीं एकानेंहि विचारलें नाहीं. मुलांनाच दोष कां द्यावा? मोठीं माणसें देखील धांवण्याचा विचार आधीं करितात आणि थांबण्याचा विचार संकट समोर उभें राहिल्यावर करितात. त्या दिवशीं घंटा झाल्यामुळें जें सांगावयाचें राहून गेलें, तें येथें थोडें विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

गाडीची ओळख

उदाहरणादाखल आपण एकच गाडी घेऊं, म्हणजे बोलणें अधांतरीं राहणार नाहीं. ही गाडी म्हणजे अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याची 'मॉडेल टी'. १९०८ सालच्या ऑक्टोबरांत ती बाहेर पडली आणि १९२७ सालच्या मे महिन्यांत तिचें उत्पादन थांबलें. एवढ्या अवधींत दीड कोटि गाड्या तयार झाल्या. आरंभीं पांच माणसांच्या गाडीस ८५० डॉलर पडत. १९२५ च्या सुमारास दोन माणसांची साधी गाडी २६० डॉलरांस मिळूं लागली. शेतकरी, खेड्यांतील डॉक्टर, लहान दुकानदार अशा सामान्य माणसांच्या दारीं मोटार उभी राहिली ती हिच्यामुळें. हिंदुस्थानासारख्या ब्रिटिश साम्राज्यांतील देशांना ह्या गाड्या फोर्डच्या कॅनडांतील कारखान्यांतून, सुकाणूचें चाक उजव्या बाजूस बसवून, पुरविल्या जात.

गाडीचें एंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २.९ लिटर मापाचें व २० अश्वशक्तीचें होतें. सपाट रस्त्यावर ताशीं ४० ते ४५ मैल हा तिचा परमावधीचा वेग. गाडीचें वजन बाराशें ते पंधराशें पौंडांच्या आसपास असे. त्या काळच्या कच्च्या, खांचखळग्यांच्या रस्त्यांवर एवढें बळ व एवढा वेग पुरेसा होता. आणि गाडीचा प्रत्येक भाग त्याच मानानें घडविलेला होता. ही गोष्ट वाचकांनीं मनांत पक्की धरून ठेवावी. कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

अमेरिकेंत आजहि ह्या गाड्या मोठ्या संख्येनें चालू स्थितींत आहेत व हौशी लोक त्या प्रेमानें सांभाळतात. त्यांपैकीं कित्येकांना वाटतें कीं, आपली गाडी चढणीवर इतकी धापा टाकूं नये, मोठ्या रस्त्यावर इतरांच्या मागें फार रखडूं नये. ही इच्छा नवी नाहीं. गाडी विकली जात होती त्याच काळीं तिचें बळ वाढविण्याचीं साधनें बाजारांत आलीं होतीं. मूळ एंजिनांत वाल्व सिलिंडरांच्या बाजूस होते. ते वरच्या डोक्यांत बसविले कीं, हवा व पेट्रोल यांचें मिश्रण अधिक मोकळेपणानें आंत शिरतें, अधिक दाबलें जातें आणि स्फोटाचा जोर वाढतो. अशा प्रकारचीं 'फ्रंटेनॅक' नांवाचीं डोकीं लुई व आर्थर शेव्रोले ह्या बंधूंच्या कारखान्यांत तयार होत. अशाच एका सुधारलेल्या फोर्डनें १९२३ सालीं इंडियानापोलिस येथील सुप्रसिद्ध पांचशें मैलांच्या शर्यतींत पांचवा क्रमांक पटकाविला. ह्या पराक्रमाचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. परंतु शर्यतीच्या चक्राकार रस्त्यावर गाय आडवी येत नाहीं कीं शाळेंतून सुटलेलें मूल चेंडूमागें धांवत नाहीं. तेथें जें शोभतें तें बाजारपेठेंत शोभेल असें नाहीं.

बळ चाकापर्यंत कसें पोंचतें?

एंजिन पुढें आणि ढकलावयाचें मागच्या चाकांना. म्हणून मधल्या वाटेवर बळाला बऱ्याच हातांतून जावें लागतें. एंजिनापासून तें प्रथम गिअरांच्या पेटींत येतें. तेथून एक लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, मागें जातो. त्याच्या टोंकास अकरा दांत्यांचें लहान पिनियन असतें. हें पिनियन चाळीस दांत्यांच्या मोठ्या चाकाला फिरवितें. त्या मोठ्या चाकास आपले मिस्त्री 'क्राऊन' म्हणतात. पिनियनाचे सुमारें साडेतीन फेरे व्हावे तेव्हां क्राऊनचा एक फेरा होतो. ४० ला ११ नें भागिलें असतां ३.६४ येतात. म्हणजे फेरे तितक्या पटीनें कमी होतात आणि फिरविण्याचा जोर, ज्यास आपण पीळ म्हणूं, तितक्याच पटीनें वाढतो.

क्राऊनच्या पोटांत 'डिफरन्शियल' नांवाची दंतचक्रांची एक चतुर जोडणी असते. वळणावर बाहेरचें चाक अधिक अंतर चालतें व आंतलें कमी. दोघांना एकाच दांड्यावर घट्ट बसविलें तर एक तरी चाक फरफटत जाईल. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतें, पण वेगवेगळ्या गतीनें फिरण्याची मुभा ठेवितें. तेथून डावीउजवीकडे दोन दांडे निघतात. हेच मागच्या आंसाचे, अर्थात् ॲक्सलचे, दोन भाग. प्रत्येकाचें बाहेरचें टोंक निमुळतें असून त्यावर चाकाचा हब बसतो. मध्यें एक पोलादी चावी ठोकलेली असते आणि वरून नट घट्ट आवळलेला असतो.

आतां थोडें गणित करूं. मूळ एंजिनाचा अधिकांत अधिक पीळ ८३ पौंड-फूट. पहिल्या गिअरमध्यें तो २.७५ पट होतो, मग मागच्या आंसावर आणखी ३.६४ पट. तिघांचा गुणाकार केला, कीं दोन्ही चाकांस मिळून सुमारें ८३० पौंड-फूट पीळ मिळतो. समजा, एंजिन सुधारून त्याचा पीळ १२० झाला. तर हाच आंकडा १,२०० वर जातो. परंतु हा सर्व पीळ रस्त्याला पोंचेल काय? माणसांसह गाडीचें वजन २,००० पौंड धरूं आणि त्यांपैकीं मागच्या चाकांवर १,१०० पौंड. चांगल्या कोरड्या रस्त्यावर टायर आपल्यावरील भाराच्या सात-दशांश इतकी पकड घेतो असें मानलें, तर ती ७७० पौंड झाली. चाक तीस इंची. म्हणजे त्याची त्रिज्या सव्वा फूट. ७७० ला सव्वानें गुणिलें असतां सुमारें ९६० पौंड-फूट येतात. ह्याहून अधिक पीळ दिला कीं चाक जागच्या जागीं फिरूं लागतें.

यांत लपलेलें तत्त्व महत्त्वाचें आहे. मूळ गाडींत एंजिनाचें बळ टायरच्या पकडीहून कमी होतें. म्हणून आंसावर किती भार यावा हें एंजिन ठरवीत असे. सुधारलेल्या गाडींत पहिल्या गिअरवर तें टायर ठरवितो. चाक खड्ड्यावरून उडतें, हवेंत वेगानें फिरूं लागतें आणि पुन्हां जमिनीस टेकतें, तेव्हां जो हिसका बसतो तो शांतपणें दिलेल्या पिळाहून किती तरी मोठा असतो. आंस मोडतो तो बहुधा अशा हिसक्यानें.

मागच्या आंसाचे दुबळे सांधे

पहिला दुबळा सांधा फार लहान आहे आणि फार धोक्याचाहि आहे. पिनियन व क्राऊन हीं तिरप्या दांत्यांचीं चाकें एकमेकांस फिरवितांना एकमेकांस दूरहि ढकलीत असतात. हा आडवा दाब झेलण्यासाठीं डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांस जाड वॉशर बसविलेले असतात. मूळ गाडींत हे वॉशर बॅबिट नांवाच्या मऊ पांढऱ्या मिश्रधातूचे होते. नवे असतां ते काम चांगलें करीत. पण वर्षें लोटलीं कीं ही धातु भेगाळते व तिचा चुरा होऊन तेलांत मिसळतो. मग क्राऊन बाजूस सरकतें, दांते पुरते गुंतत नाहींत, आणि एखाद्या दिवशीं पिनियन नुसतें गरगर फिरतें पण क्राऊन हलत नाहीं. गाडी पुढें जाणार नाहीं एवढेंच असतें तर हंसून सोडून देतां आलें असतें. पण ह्या गाडीचा पायाचा ब्रेक देखील ह्याच दांत्यांतून चाकापर्यंत जातो. दांते सुटले कीं बळ गेलें आणि ब्रेकहि गेला. म्हणून जाणते लोक जुनी टी गाडी हातीं येतांच, एंजिनास हात लावण्यापूर्वीं, मागचा आंस उघडून ते वॉशर काढून टाकितात व त्या जागीं ब्राँझचे बसवितात. ब्राँझ कठीण असतें व असें भुगा होत नाहीं.

दुसरा सांधा हबाचा. निमुळत्या टोंकावर हब घट्ट बसला असेल तर बहुतेक पीळ त्या घट्टपणानेंच वाहिला जातो. चावी केवळ मदतनीस असते. नट सैल राहिला कीं हब किंचित् हलूं लागतो, सर्व भार त्या एकट्या चावीवर पडतो, चावीचा गाळा रुंदावतो, आणि शेवटीं चावी कापली जाते किंवा दांडाच त्या जागीं मोडतो. तो मोडला म्हणजे चाक हबासकट निघून जातें. यास उपाय कांहीं अवघड नाहीं : झिजलेला हब व झिजलेली चावी टाकून द्यावी, नट पुरता आवळावा, थोडे मैल चालविल्यावर तो पुन्हां आवळून पाहावा.

तिसरी गोष्ट खुद्द दांड्याची. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणें वाढते. एक इंची दांडा सव्वा इंची केला तर जाडी चतुर्थांशानेंच वाढते, पण ताकद जवळजवळ दुप्पट होते, कारण १.२५ चा घन १.९५ आहे. परंतु जाड दांडा घातला कीं त्याचें बेअरिंग, त्याचा हब, त्याचें घर हें सर्व बदलावें लागतें. म्हणून पुष्कळ जण व्यास तोच ठेवून अधिक चिवट पोलादाचे नवे दांडे करवून घेतात. जुना दांडा ठेवावयाचा असेल तर त्यास लोहचुंबकानें भारून त्यावर बारीक लोखंडी भुकटी टाकितात. डोळ्यांस न दिसणारी चीर असेल तर भुकटी त्या रेषेवर गोळा होते आणि दोष उघडा पडतो. शंभर वर्षें हिसके खाल्लेल्या पोलादावर आंधळा विश्वास टाकणें शहाणपणाचें नव्हे.

चौथी गोष्ट दांत्यांच्या प्रमाणाची. एंजिन मिनिटास १,६०० फेरे घेत असतां मूळ ३.६४ प्रमाणानें गाडी ताशीं सुमारें ३९ मैल चालते. क्राऊन ३९ दांत्यांचें व पिनियन १३ दांत्यांचें घातलें तर प्रमाण बरोबर तीन होतें, आणि तेवढ्याच फेऱ्यांत वेग सुमारें ४७ मैलांवर जातो. ह्या एंजिनाच्या क्रँकला फार जलद फिरणें मानवत नाहीं. म्हणून एंजिनास अधिक दामटण्यापेक्षां दांत्यांचें प्रमाण बदलणें सौम्य उपाय होय. पण जें वेगांत मिळालें तें चढणींत जातें. निसर्गाच्या बाजारांत फुकट कांहींच मिळत नाहीं! त्यावर तोड म्हणून १९२० नंतरच्या दशकांत 'रक्स्टेल' नांवाचा दोन गतींचा आंस निघाला. त्यांत एक कळ ओढली कीं पीळ सुमारें दीडपट वाढे व गाडी चढण सुखानें चढे. मात्र कळ दोन गतींच्या मध्येंच अडकून राहिली, तर एंजिनाचा व चाकाचा संबंध तुटतो. आणि पुन्हां तेंच, पायाचा ब्रेकहि निरुपयोगी होतो. उतारावर असें झालें तर काय होईल, हें सांगावयास नको.

ब्रेकची कथा

टी गाडीला पायाखालीं तीन पेडल असतात. उजव्या पेडलानें ब्रेक लागतो; पण तो चाकास लागत नाहीं. एंजिनामागील गिअरपेटींत एक ड्रम फिरत असतो व त्याभोंवतीं कापडी अस्तराचा पोलादी पट्टा असतो. पेडल दाबलें कीं पट्टा ड्रमास आवळतो, शाफ्ट मंदावतो, आणि शाफ्ट, पिनियन, क्राऊन, डिफरन्शियल, दांडा व चावी ह्या सगळ्यांतून तो अडथळा चाकापर्यंत पोंचतो. ही सांखळी लांब आहे, आणि तिची एक कडी तुटली कीं सर्व संपलें. डाव्या बाजूचा दांडा मोडला तर उजवें चाक तरी थांबेल असें वाटेल. पण तेंहि नाहीं. डिफरन्शियल दोन्ही बाजूंस सारखाच पीळ देतें. एका बाजूस धरावयास कांहीं नाहीं, तर दुसऱ्या बाजूसहि कांहीं मिळत नाहीं. अडचणींत सांपडलेले जुने चालक मधलें, म्हणजे उलट गतीचें, पेडलहि ब्रेकसारखें वापरीत. परंतु त्याचा मार्गहि तीच सांखळी.

हातानें ओढावयाचा दुसरा ब्रेक मागच्या चाकांच्या ड्रमांत असे. तो मुख्यतः उभी गाडी धरून ठेवण्यासाठीं होता. त्याचे ओतीव लोखंडी शू अस्तरावांचून आठ इंची ड्रमांत घांसत. तीस इंची चाकाला रस्त्यावर जितक्या जोरानें अडवावयाचें, त्याच्या पावणेचार पट जोर आठ इंची ड्रमावर लावावा लागतो. १९२६ सालच्या गाड्यांत फोर्डनें हा ड्रम अकरा इंची केला व शूंना अस्तर दिलें. तेव्हां तोच आंकडा पावणेतीन पटींवर आला. ड्रमाचा व्यास वाढविण्याचा लाभ ह्यावरून कळून येईल.

आतां वेगाचा विचार करूं. धांवत्या गाडींत साठलेली शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. वेग दुप्पट तर शक्ति चौपट. थांबतांना ही सर्व शक्ति ब्रेकमध्यें उष्णता होऊन बाहेर पडली पाहिजे. २,००० पौंडांची गाडी ताशीं ३० मैलांवरून थांबविली तर पाव लिटर पाणी, म्हणजे एक पेला चहा, उकळण्याजोगी उष्णता निघते. ६० मैलांवरून थांबविली तर एक लिटर उकळेल. तीच गाडी हजार फूट उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या जोरावर उतरविली, तर साठ मैलांवरून आठ वेळां थांबविण्याइतकी उष्णता ब्रेकवर पडते. आणि आपला खंडाळ्याचा घाट तर दीड हजार फुटांहून अधिक उतरतो. म्हणूनच घाट उतरतांना खालचा गिअर ठेवून एंजिनाकडून गाडी अडवून घ्यावी, असें अनुभवी चालक सांगतात. ब्रेक तापला कीं अस्तराची पकड कमी होते, आणि पेडल कितीहि दाबलें तरी गाडी निसटत राहते.

आणखी एक मर्यादा आहे. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो. सायकलवर अकस्मात् ब्रेक दाबला असतां आपण पुढें लोटले जातों तसाच. मागच्या चाकांवरील भार कमी झाला कीं त्यांची पकडहि कमी होते. म्हणून केवळ मागच्या चाकांनीं थांबणारी गाडी, तिचे ब्रेक कितीहि उत्तम असले तरी, चांगल्या रस्त्यावर सेकंदास साधारण नऊ फूट एवढाच वेग कमी करूं शकते. ह्या हिशेबानें ३० मैलांवरून थांबावयास सुमारें १०८ फूट लागतात, आणि ६० मैलांवरून ४३० फूट. चालकाचा पाय ब्रेकवर पोंचण्यास एक सेकंद धरला, तर पहिल्या आंकड्यांत ४४ व दुसऱ्यांत ८८ फूट मिळवावे लागतात. म्हणजे ताशीं साठ मैलांनीं जाणाऱ्या ह्या गाडीस समोर पांचशें फूट रस्ता मोकळा पाहिजे!

ह्यावर उपाय काय? पहिला उपाय, ब्रेक चाकालाच लावणें. जुन्या काळापासून 'रॉकी मौंटन' ह्या नांवानें ओळखले जाणारे ब्रेक मिळतात. त्यांत मागच्या चाकाच्या ड्रमाभोंवतीं बाहेरून अस्तराचा पट्टा आवळला जातो व तो पायाच्या पेडलाशीं जोडलेला असतो. चाक पुढें फिरत असतां घर्षणानें पट्टा आपोआप अधिक आवळतो, त्यामुळें थोड्या दाबानें पुष्कळ काम होतें. गाडी मागें घसरूं लागली तर मात्र तोच पट्टा सैल होतो, आणि पावसाचें पाणी व चिखल आंत शिरला तर पकड कमी होते; हे त्याचे दोष ओळखून वागावें. दोन्ही बाजूंचा जोर सारखा पडेल अशी दांड्यांची जुळणी करावी लागते. नाहीं तर गाडी एका बाजूस ओढली जाते. मोठी गोष्ट ही कीं, मधला शाफ्ट किंवा दांते तुटले तरी हा ब्रेक राहतो.

दुसरा उपाय पुढच्या चाकांनाहि ब्रेक देण्याचा. भार पुढें झुकत असल्यामुळें खरी पकड तेथेंच आहे. पण टी गाडीचा पुढचा आंस ब्रेकचा पीळ सोसण्यासाठीं घडविलेला नव्हता. म्हणून त्यास व त्याच्या आधाराच्या दांड्यांना बळकटी दिल्यावांचून हें काम करूं नये. खुद्द फोर्डनें काय केलें, हें ह्या प्रसंगीं पाहण्यासारखें आहे. १९२७ सालच्या अखेरीस त्यानें 'मॉडेल ए' ही नवी गाडी काढली. तिचें एंजिन ४० अश्वशक्तीचें, म्हणजे टी गाडीच्या दुप्पट. आणि त्याच गाडींत चारहि चाकांना ब्रेक आले. बळ दुप्पट करणाऱ्या कारखान्यानें थांबण्याची सोयहि त्याच दिवशीं केली. घरीं बसून बळ वाढविणाऱ्यानें ती विसरून कसें चालेल?

एक आठवण

हें सर्व मी पुस्तकी पांडित्यानें सांगत नाहीं. मी तुमच्याएवढा असतांना माझ्या सायकलला मोठी दंतचकती बसवून घेतली होती. पायाच्या एका फेऱ्यांत गाडी पूर्वींपेक्षां लांब जाई, आणि मला आकाश ठेंगणें झालें होतें. मागच्या ब्रेकचें रबर पार झिजलें होतें. तें बदलावयास फारसे पैसे पडले नसते, पण तें उद्यांवर टाकिलें. धाकट्या भावाला मागें बसवून मी एक उतार उतरलों. खालीं वळणावर हातगाडी उभी होती. मला खरचटलें, भावाचा हात मोडला. तो हात आजहि पुरता सरळ होत नाहीं. त्यानें मला कधीं बोल लाविला नाहीं. पण तो जेवावयास बसला कीं माझें लक्ष त्या हाताकडे जातें. चकती बसविणाऱ्यानें आपलें काम चोख केलें होतें. चूक माझ्या क्रमांत होती.

कामाचा क्रम

म्हणून जुनी गाडी सुधारणाऱ्यानें क्रम उलटा ठेवावा. पहिल्यानें ब्रेक, मग आंस, मग दांत्यांचें प्रमाण, आणि सर्वांत शेवटीं एंजिन. ब्रेक बसविल्यावर मागचीं चाकें टेंकू देऊन उचलावीं व दोन्ही चाकें एकाच वेळीं अडतात कीं नाहीं तें हातानें फिरवून पाहावें. नंतर मोकळ्या सपाट जागीं प्रथम ताशीं दहा मैलांवर, मग वीस मैलांवर ब्रेक लावून अंतर खुणा करून मोजावें. वीस मैलांवर जें अंतर लागतें, त्याच्या चौपट चाळीस मैलांवर लागणार, हें गणित कागदावर मांडून ठेवावें. थोडें चालवून दोन्ही ड्रमांजवळ हात न्यावा. एक तापला व दुसरा थंड राहिला, तर जुळणी बिघडलेली आहे असें समजावें. आंसांतील तेल काढून त्यांत धातूची चमक दिसते काय तें पाहावें. आणि काढलेले जुने भाग फेंकूं नयेत. त्यांस चिठ्ठी बांधून ठेवावें, म्हणजे पुढच्या पिढीस मूळची गाडी कशी होती तें समजेल. आपल्या देशांत नोंदलेल्या गाडींत असे बदल करतांना १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याचीं बंधनें पाळावीं लागतात, हेंहि पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षां ती गाडी होती तशीच चालविली तर काय वाईट? कांहींच वाईट नाहीं. ताशीं तीस मैलांनीं, वीस अश्वशक्तीच्या मर्यादेंत चालणारी टी गाडी ही आपल्या जागीं एक पूर्ण कृति आहे. तिचें बळ, तिचा आंस व तिचे ब्रेक एकमेकांस ओळखून आहेत. त्यांतील एकाला वाढविलें कीं उरलेल्यांशीं त्याचा मेळ पुन्हां बसविण्याची जबाबदारी वाढविणाऱ्यावर येते. ती घेण्याची तयारी असेल त्यानें खुशाल हात घालावा. नसेल त्यानें बोनेट बंद ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत पांचशें फुटांचा हिशेब फळ्यावर मांडला आणि मुलांना शाळेच्या फाटकापासून तेवढें अंतर पावलांनीं मोजावयास पाठविलें. परत आल्यावर ज्यानें मूळ प्रश्न विचारला होता तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, "सर, आम्ही रस्त्याच्या पार त्या वळणापर्यंत पोंचलों. तिकडून गाडी येत असली तर फाटकाशीं उभा असलेला माणूस तिला दिसणारच नाहीं." मीं म्हटलें, "आतां तुझा प्रश्न पुरा झाला."